घरातले शस्त्र आणि त्याची शोभा

(सातपूर येथे वस्ती-गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'घरगुती हिंसा आणि शस्त्र' असा विषय छापला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात विळी आणि कोयत्याशिवाय कुठलं आलंय शस्त्र? बंदुका मोठ्या लोकांच्या." मावशींचे खरे आहे. सातपूरच्या कामगार वस्तीत परवान्याचे रिव्हॉल्वर असलेले घर शोधावे लागेल. पण चाळीचा मालक, लेबर कॉन्ट्रॅक्टर, प्लॉटचे व्यवहार मिटवणारा दादा, यांतल्या एखाद्याच्या कमरेला ते असते आणि आपली मुले त्याच्याकडे बघत मोठी होतात. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून फोटो मोबाइलवर टाकणारी पोरे आपल्याच गल्लीतली आहेत. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मी आज जरा वेगळा प्रश्न घेऊन आले आहे. ज्याच्याजवळ शस्त्र असते त्याला ते सुंदर का वाटते? आपण शस्त्र म्हटले की धोका, कलम, पोलीस यांवर बोलतो. पण ज्या वस्तूवर माणसाचा जीव जडला आहे ती नुसत्या कलमाने सुटत नाही, हे आपण दारूच्या प्रश्नात पुरेपूर अनुभवले आहे. तेव्हा आधी तो जीव कशावर जडतो ते पाहू.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक ताई आल्या होत्या. त्यांची ओळख पटेल असे काही मी सांगणार नाही. नवऱ्याचा धंदा चांगला, घर स्वतःचे, नवऱ्याजवळ परवान्याचे रिव्हॉल्वर. मी नेहमीप्रमाणे विचारले, "मारतात का?" त्या म्हणाल्या, "नाही. हात उगारत नाहीत." "मग?" त्यांनी सांगितले की रात्री जेवण झाले की ते कपाट उघडतात, रिव्हॉल्वर काढतात, टेबलावर पिवळे फडके पसरतात आणि ते पुसत बसतात. माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्यावर सही करण्याचा विषय त्याच वेळी निघतो. मुले बोलायची थांबतात. इतकेच.

त्या दिवशी नोंदवहीत 'मारहाण' या रकान्यात मी 'नाही' लिहिले आणि 'धमकी' या रकान्यातही 'नाही' लिहिले. कारण त्याने तोंडाने धमकी दिलेली नव्हती. ती माझी चूक होती. ती इथे मुद्दाम सांगते आहे, म्हणजे तुमच्या हातून होऊ नये.

पुढच्या भेटीला त्या गृहस्थांना बोलावले. ते आले, खुर्चीत बसले, बसताना टोचते म्हणून कमरेचे रिव्हॉल्वर कव्हरसकट काढून माझ्या टेबलावर ठेवले. अगदी सहज, आपण किल्ल्या ठेवतो तसे. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आले की मी त्यांना 'साहेब' म्हणू लागले आहे. एम.एस.डब्ल्यू. झाले, इतकी वर्षे काम केले, आणि लोखंडाच्या एका तुकड्यासमोर माझा आवाज बदलला. स्वतःचाच राग आला आणि त्या रागातच मी विचारले, "यात एवढं आवडण्यासारखं काय आहे हो?"

तो माणूस तासाभरात पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलला. म्हणाला, "मॅडम, मूठ हातात कशी बसते बघा, जशी माझ्यासाठीच घडवलीय. चेंबर फिरवलं की जो आवाज येतो ना, घड्याळासारखा." मग म्हणाला, "हे कमरेला असलं की माझ्यासमोर कोणी आवाज चढवत नाही. सरकारी कचेरीत खुर्ची मिळते. भाऊबंद लग्नाला आधी मला विचारतात." मी हे सगळे लिहून घेतले. रात्री घरी वाचले तेव्हा दिसले की पाच गोष्टींपैकी पहिल्या दोनच त्या लोखंडातल्या होत्या. उरलेल्या तिन्ही दुसऱ्यांच्या वागण्यातल्या होत्या.

त्या पहिल्या दोन गोष्टी मला कळतात. माझे वडील इथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला लेथ मशीन धुऊन-पुसून झेंडूची माळ घालायचे, तेव्हा आम्हा मुलांना बघायला न्यायचे. जॉब आरशासारखा उतरला पाहिजे, असे ते म्हणत. चांगल्या घडवलेल्या लोखंडाला एक देखणेपण असते, हे सातपूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण वडिलांच्या लेथला लोक घाबरत नव्हते, तरी तो त्यांना प्रिय होता. त्या गृहस्थांच्या रिव्हॉल्वरला लोक घाबरायचे थांबले असते, तर त्यांनी ते इतके पुसले असते का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

शस्त्राला सजवण्याची आपली परंपरा जुनी आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तिचे तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातो आहे. गोळा सुटण्याआधीच समोरच्याने ते तोंड पाहावे, यासाठीच हे कोरीवकाम. शस्त्रांना झिलई देणारी एक स्वतंत्र जमात होती. 'शिकलगार' हे नावच शिकल म्हणजे झिलई या शब्दावरून आले. राजांच्या तलवारी लखलखीत करणाऱ्या त्या हातांना पुढे काय उरले? गावोगाव सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणे. शस्त्राची शोभा ज्याच्या कमरेला ते असते त्याच्या वाट्याला येते, घासणाऱ्याच्या नाही. घरातही तेच. आमच्या ताई खंडेनवमीला त्या रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहत होत्या.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रकायदा केला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. तेव्हापासून परवाना ही सरकारची मेहेरबानी झाली आणि मेहेरबानी म्हटली की तिचा मान आला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, सर्वांना सारखा. पण तो मान काही गेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. लग्नात-वरातीत आनंदाने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही झाली. आनंद दाखवायला गोळी झाडण्याविरुद्ध कायदा करावा लागतो, यावरून ही हौस किती खोल गेली आहे ते कळते.

आता तुम्ही म्हणाल, मग बाईनेच बंदूक घ्यावी. हे सरकारलाही सुचले होते. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या बलात्काराच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. आणि ते मिळायचे कशात? दागिन्यांच्या डब्यासारख्या तांबूस रंगाच्या डब्यात! पुरुषाने हार मानली की त्याला 'बांगड्या भर' म्हणून हिणवायचे, आणि बाईला शस्त्र द्यायचे ते दागिन्याच्या पेटीत घालून. तिसऱ्या पाळीहून पायी घरी येणाऱ्या आपल्या मैत्रिणीला हवा आहे रस्त्यावर दिवा, कंपनीची गाडी आणि तक्रार लिहून घेणारा पोलीस. ते न देता तिला सव्वा लाखाची वस्तू दाखवली. शिवाय बाईला मारणारा बहुतेक वेळा अंधारातला अनोळखी माणूस नसतो, घरातला असतो. घरात बंदूक आली तर ती कोणाच्या हाती राहील, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ शहरांतल्या बायकांच्या खुनांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. छळ करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले.

आता त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगते. २०२४ ची लोकसभा निवडणूक आली. आचारसंहितेच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. यांनाही लागले. ताई मध्येच एकदा केंद्रात आल्या. म्हणाल्या, "मॅडम, दोन महिने मी कपाटाकडे पाठ करून झोपते आहे." मी म्हटले, "म्हणजे?" तेव्हा त्यांनी सांगितले की एरवी त्या कपाटाकडे तोंड करूनच झोपत. किल्लीचा आवाज झाला की जाग यावी म्हणून. मी त्यांनाही विचारले होते, ते रिव्हॉल्वर तुम्हाला कसे वाटते? त्या म्हणाल्या, "मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही. मी त्यांच्या हाताकडे बघते."

निवडणूक संपली आणि रिव्हॉल्वर घरी परत आले.

मैत्रिणींनो, मतदाराला भीती वाटू नये म्हणून सरकार शस्त्र जमा करून घेते. त्यासाठी त्याने गोळी झाडलेली असावी लागत नाही. शस्त्र जवळ असण्यानेच दहशत बसते, हे सरकारला मान्य आहे. मग हेच तत्त्व घराच्या उंबऱ्याच्या आत का लागू करायचे नाही? सहीसाठी टेबलावर काढलेले रिव्हॉल्वर हे वापरलेलेच रिव्हॉल्वर आहे. ते न झाडताच काम करते, आणि मालकाला ते सुंदर वाटते ते बरेचसे यामुळेच.

यासाठी कायद्यात जागा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मानसिक छळही हिंसाच आहे. त्याखालच्या २००६ च्या नियमांत, नियम १० मध्ये, न्यायाधीशांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी गरजेप्रमाणे पोलिसांची मदत घेऊन हिंसेशी संबंधित शस्त्र जप्त करू शकतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. नाशिक शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे.

तेव्हा आपण तीन गोष्टी करू. एक, कोणतीही बहीण आली की 'मारतो का' याच्याबरोबर 'घरात शस्त्र आहे का, ते कधी काढतो, तेव्हा काय बोलणे चालू असते' हेही विचारायचे आणि तिच्या शब्दांत लिहून घ्यायचे. दोन, असे असेल तर संरक्षण अधिकारी आणि पोलीस आयुक्त, दोघांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तीन, परवान्याच्या पडताळणीसाठी पोलीस घरी येतात तेव्हा त्यांनी पत्नीशी एकटीशी, घरातल्या पुरुषांना बाजूला ठेवून, बोलावे ही मागणी लावून धरायची. हे काही जगावेगळे नाही. कॅनडात डिसेंबर १९८९ मध्ये माँट्रियलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने १४ स्त्रियांना मारले. त्यानंतर बायकांनी लढून १९९५ साली कायदा करून घेतला. तिथे परवाना मागणाऱ्याच्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते.

आमच्या ताईंनी शेवटी अर्ज दिला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. अर्जात त्यांनी पिवळ्या फडक्याचाही उल्लेख केला. मी म्हटले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "राहू द्या. ते पसरलं की मला कळायचं." मी ते तसेच राहू दिले. नोंदवहीतले माझे ते 'नाही' मात्र त्याच दिवशी खोडून दुरुस्त केले.

आता आपण गटागटांत बसू या. आपल्या गल्लीत कोणाकडे पाहून आपला आवाज बदलतो, आणि का, एवढ्यावरच आज बोलू.