धक्क्यावरची वीज: एका बंदरातून दुसऱ्या बंदरात
बंदरात उभ्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असले, तरी दिवे, पंप आणि रीफर (शीत) कंटेनर यांच्यासाठी डिझेल जनित्रे सुरूच राहतात. त्यांचा धूर शेजारच्या वस्तीत जातो. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० साली मालवाहू जहाजांना धक्क्यावरून उच्च दाबाची वीज देण्यास सुरुवात केली. अशी योजना दुसरीकडे चालेल का, हे तपासताना आधी जहाजांकडे पाहावे लागते. गोथेनबर्गला येणाऱ्या रो-रो जहाजांच्या (ज्यांत वाहने थेट चढतात-उतरतात) फेऱ्या ठरलेल्या. तीच जहाजे पुन्हापुन्हा त्याच धक्क्याला लागत. म्हणून जहाजावर जोडणी बसवण्याचा खर्च परवडण्याजोगा होता. जिथे दर वेळी नवे जहाज येते, तिथे लाखमोलाची सोयही पडून राहू शकते. तंत्राइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, हा मुद्दा आहे.

तांत्रिक अडचण वारंवारतेची. बहुतेक मोठ्या जहाजांची विद्युतयंत्रणा ६० हर्ट्झची, तर युरोप आणि भारतातील वीज ५० हर्ट्झची. लॉस एंजेलिसने २००४ मध्ये कंटेनर जहाजांसाठी ही सोय केली तेव्हा हा प्रश्न आलाच नाही, कारण अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झचीच. मुंबईसारख्या बंदरात मात्र वारंवारता बदलणारी महागडी यंत्रणा हवी, शिवाय भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या जहाजाला पुरेल अशी केबल. उच्च दाबाच्या जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि जोडणीचा भाग सोपा झाला.

धक्क्यावर येणारी वीज कोळशापासूनची की पाण्यापासूनची, यावर हवामानाचा एकूण लाभ ठरतो. बंदराशेजारच्या वस्तीतला धूर मात्र दोन्ही बाबतींत कमी होतो. कॅलिफोर्नियात २०१४ पासून काही जहाजताफ्यांवर बंदरात जनित्रांचा वापर कमी करण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली.