रायफल स्थिर का राहत नाही? बायपॉड, तांदळाचा मोजा आणि माझे वाया गेलेले डॉलर

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, व्हिसा नाही. म्हणजे व्हिसा थोडासा येणारच आहे, तो कुठे आपली पाठ सोडतोय.

तर मी मूळचा कोल्हापूरचा, आता डॅलसला. शनिवारी सकाळी रायफल शूटिंगला जातो. हे गावाकडे कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे करतात तेच ना?" नाही हो. तेजस्विनीताईंनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, स्वप्निलने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं. त्यांच्या खेळात रायफलला कसलाही टेकू चालत नाही. आडवं पडून मारताना दंडाला पट्टा बांधायचा, कोपर जमिनीवर रोवायचं आणि स्वतःच्या हाडांवर रायफल तोलायची. आणि दहा गुणांचं वर्तुळ किती? 10.4 मिलिमीटर, 50 मीटरवर. मी त्यांच्या नखाचीही बरोबरी करू शकत नाही.

माझी रायफल टेकूवर असते. पुढे बायपॉड, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या टोकाला लावलेले दोन घडीचे पाय. मागे दस्त्याखाली एक छोटी पिशवी, तिला रिअर बॅग म्हणतात. तुम्ही म्हणाल, मग राहिलं काय? दोन पाय पुढे, उशी मागे, बटण दाबा. मलाही हेच वाटलं होतं. आजचा भाग त्याच गैरसमजाबद्दल आहे.

आधी व्हिसाचं उरकून टाकतो, कारण कोणीतरी विचारणारच. मी एच-वन-बी वर आहे. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतली तरी ते बाळगणंच धरतात. याला काही अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. मी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, वकिलाला विचारलं आणि मगच रायफलला हात लावला. मित्र "चल रे, काही होत नाही" म्हणाले तरी जाऊ नका. एका फोटोपायी करिअर पणाला लागेल.

हं, तर रायफल. .308 ची साधी बोल्ट-अ‍ॅक्शन घेतली. 100 यार्डांवर, म्हणजे साधारण 91 मीटरवर, कागद लावला आणि पाच गोळ्या मारल्या. ग्रुप साडेतीन इंच उंच आणि जेमतेम एक इंच रुंद. भोकं एकाखाली एक, रांगेत उभी. मी इंजिनिअर, त्यामुळे लगेच निष्कर्ष: काडतुसं खराब. महागडी आणली, तेच. मग म्हटलं स्कोप गंडलाय. घरभाड्याएवढे पैसे घालून नवा स्कोप घेतला. ग्रुप आता सव्वातीन इंच. त्या पाव इंचावर मी आठवडाभर खूश होतो, काय सांगू!

त्याच क्लबात एक सत्तरीचे काका येतात. रिटायर्ड मशिनिस्ट, बोलणं कमी. माझ्या मागे उभे राहून त्यांनी चार गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "तुझा डावा हात तिथे काय करतोय?"

माझा डावा हात पुढे होता. सिनेमात असतो तसा, फोरएंडला गच्च धरून. मागे दस्त्याखाली गुंडाळलेलं जॅकेट. काका म्हणाले, पुढचं ओझं बायपॉडने घेतलंय, मग तू कोणाशी कुस्ती खेळतोयस? हात मागे आण.

मंडळी, सगळी मेख इथे आहे. बायपॉड लावला की डाव्या हाताचं पुढचं काम संपतं. तो मागे येतो, छातीजवळ, आणि रिअर बॅगवर बसतो. मूठ हलकेच आवळली की पिशवी फुगते, दस्ता वर जातो आणि नळीचं तोंड खाली येतं. सैल सोडली की उलट. उंचीचा बारीक नेम असा, पिशवी दाबून लावायचा. माझ्या जॅकेटचं काय होत होतं? प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ते थोडं चेपत होतं. दस्ता दर वेळी वेगळ्या उंचीवर, आणि ती चूक मी पुढच्या हाताने ओढूनताणून झाकत होतो.

किती उंचीचा फरक? घरी येऊन गणित केलं. बायपॉडपासून रिअर बॅगपर्यंत अंतर धरा 75 सेंटिमीटर. मागे दस्ता 1 मिलिमीटर हलला, तर 100 यार्डांवर नेम 12 सेंटिमीटर सरकतो. म्हणजे जवळजवळ पाच इंच! आपला प्रिंटरचा कागद असतो ना, त्याची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. दस्त्याखाली एक कागद सरकवला तर कागदावरचं भोक 12 मिलिमीटर सरकेल, अर्धा इंच. मी घडी घातलेल्या जॅकेटवर अर्ध्या इंचाचे ग्रुप मागत होतो, आणि वर स्कोपला शिव्या देत होतो.

घरी आल्या आल्या जुना जाड मोजा घेतला, त्यात इंडियन स्टोअरचा सोना मसुरी भरला आणि तोंड शिवलं. पहिली रिअर बॅग तयार. आईला फोनवर सांगितलं तर बंदुकीबद्दल काही नाही, फक्त एवढंच: "मोजा धुतलेला तरी होता का रे?" गच्च भरू नका, मूठ आवळायला जागा हवी. पुढे पावसात तांदूळ भिजला आणि वास मारायला लागला. आता प्लास्टिकच्या बारीक मण्यांची पिशवी आहे.

पण पिशवी आली म्हणून सगळं जमलं असं नाही. पुढच्या शनिवारी काकांनी मला आडवं पाडलं आणि रिकाम्या रायफलवर तासभर घासून घेतलं. शरीर रायफलच्या सरळ मागे हवं. मी सवयीने तिरका पडायचो. तिरकं पडलं की धक्का खांद्यावरून निसटतो आणि गोळी सुटल्यावर क्रॉसहेअर एका बाजूला उडी मारतो. तुम्हाला वाटेल, गोळी गेल्यावर उडी मारली तर काय बिघडलं? बिघडतं. गोळी नळीतून बाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो, आणि रायफल त्याच्या आतच मागे सरकायला लागलेली असते. मग खांदा किंचित पुढे रेटायचा, बायपॉडच्या पायांमधला ढिलेपणा जाईल इतपतच. याला बायपॉड लोड करणं म्हणतात. जोर लावलात की स्नायू थरथरतात. आणि नुसत्या सिमेंटवर बायपॉड बेडकासारखा उड्या मारतो, खाली जाड मॅट टाका.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. नेम लावा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर तिथेच आहे? छान. सरकलाय? म्हणजे तुम्ही त्याला स्नायूंनी ओढून धरलं होतं. अशा वेळी हाताने रायफल ढकलायची नाही. कंबर सरकवा, पाय सरकवा, आणि परत डोळे मिटा. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा सरकलो. काका तोवर सँडविच खात होते.

तुमच्यातले गेमवाले म्हणतील, श्वास रोखायचं बटण दाबलं की झालं. खऱ्यात श्वास जास्त वेळ रोखला की नजर धूसर होते आणि ठोके जाणवायला लागतात, क्रॉसहेअर नाडीबरोबर टकटक हलतो. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी जी छोटी नैसर्गिक विश्रांती असते, तेवढ्यात ट्रिगर सरळ मागे दाबायचा. आणि दाबून तसाच धरायचा, लगेच सोडायचा नाही. वेळ टळली तर श्वास घ्या, पुन्हा सुरुवात.

महिन्याभराने माझा ग्रुप सव्वा इंचावर आला. काडतुसं तीच, जुनी स्वस्तातली. हो, नवा स्कोप काढून जुना लावूनही मारून पाहिलं. तेवढाच ग्रुप! पैसे गेले ते गेले.

टेकूवरचं शूटिंग म्हणजे रडीचा डाव असं हसणारे लोक भेटतात. त्यांना मी एफ-क्लासबद्दल सांगतो. कॅनडाचे जॉर्ज फार्कहरसन उतारवयात पट्ट्यावर रायफल तोलणं जमेना म्हणून टेकू लावून मारायला लागले. त्यातूनच हा प्रकार निघाला, त्यातला एफ त्यांच्या आडनावाचा. आज त्यात हजार यार्डांपर्यंत मारतात. त्यातला एफ-टीआर म्हणजे आपल्यासारख्यांचा: .308 किंवा .223, बायपॉडसकट वजन 8.25 किलोच्या आत.

आता शेवटचा किस्सा. मागच्या नोव्हेंबरात काका मला हरणाच्या शिकारीला घेऊन गेले. लायसन्स होतं, पण वापरलं कधी नव्हतं. पहाटे लाकडी मचाणात बसलो. साधारण दीडशे यार्डांवर एक हरीण आलं आणि आडवं उभं राहिलं. कोर्समध्ये शिकवलं होतं, छातीतली जागा जेमतेम आठ इंचांची, तिथेच लागली पाहिजे. नाहीतर ते जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तासन् तास तडफडतं. बायपॉड कठड्यावर होता, पण एक पाय फळीच्या फटीत अर्धवट टेकलेला. मागे बॅग मांडीवर. सेफ्टी तशीच ठेवून मी डोळे मिटले, दोन श्वास घेतले, उघडले. क्रॉसहेअर हरणाच्या पोटावर होता.

बायपॉडचा पाय हलवला. लाकूड करकरलं. हरणाने मान वर केली. घाईने मूठ आवळली आणि क्रॉसहेअर छातीवर आणला, पण तो तिथे बसत नव्हता. मी धरून ठेवला होता, नाडीबरोबर नाचत होता. दहा-बारा सेकंद गेले असतील. मी बोल्ट उघडला आणि काडतूस बाहेर काढलं.

हरीण झुडपात गेलं. काकांनी थर्मासमधली कॉफी ओतून माझ्यापुढे धरली आणि फटीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे एक फळी ठोकली पाहिजे." दुपारी आम्ही ती ठोकली.