आठ गणपती, दोन दर्शनं आणि एक स्प्लेंडर

(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत, कारण मागे आरतीची तयारी चालू आहे. विषय आहे ‘मोटरसायकलवरून विदर्भाचे अष्टविनायक’. आधीच सांगून टाकतो, आठ झाले नाहीत. दोन झाले.

अष्टविनायक म्हटलं की आपल्याला पुण्याकडचे आठवतात. पण आपण रायपूरकर, आपल्याला विदर्भाचे जवळ. नागपूरचा टेकडी गणपती, आदासा, रामटेकचा अठरा हातांचा, भंडाऱ्याच्या मेंढ्यातला भृशुंड, पवनीचा पंचानन, केळझर, कळंबचा चिंतामणी आणि भद्रावतीचा वरदविनायक. कळंबचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. केळझरला बकासुराची कथा सांगतात. मला खरी ओढ होती ती पवनीची.

२०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी आली. शुक्रवार ते सोमवार सुट्टी मिळाली. सोबत आमच्या मेंटेनन्सचा एक फिटर. पक्का छत्तीसगढिया, मराठी समजतो, बोलत नाही. गाडी त्याचीच, जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर. बेत असा की शुक्रवारी भंडारा करून नागपूर, शनिवारी आदासा-रामटेक, रविवारी केळझर, कळंब करून भद्रावतीला मुक्काम, सोमवारी पवनी करून परत. मंगळवारी पहिली शिफ्ट.

पहाटे पाचला निघालो. टाटीबंध, दुर्ग, राजनांदगाव. आपण ज्याला जी. ई. रोड म्हणतो तोच हा रस्ता, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. बाघनदी ओलांडली की महाराष्ट्र. साकोलीला चहा झाला, दुपारी मेंढ्याला वैनगंगेकाठी दर्शन, आणि दिवेलागणीला टेकडी गणपती. नागपुरात अंबाझरी लेआऊटमध्ये माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे गाडी फाटकाच्या आत लावली आणि जेवून झोपलो.

मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, कोणी वरून ओततंय असं वाटत होतं. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर झाला असं मागून कळलं. अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, ते पाणी नाग नदीत, आणि नदीतून वस्तीत. तीनच्या सुमारास ताईच्या हाकेने जाग आली तेव्हा पाय पाण्यात पडले. सोबत्याने सर्वांत आधी मेन स्विच पाडला. कारखान्याची सवय! अंधारात, मोबाइलच्या उजेडात, आम्ही मावशीला वरच्या मजल्यावर न्यायला गेलो. वय ब्याऐंशी, गुडघे धरलेले. खुर्चीत बसवलं तर म्हणते, “आधी गणपती वर ने. तो शाडूचा आहे रे, विरघळेल. मी काही विरघळत नाही.”

पाणी मांडीला लागलं होतं. वाद घालायला वेळ नव्हता. सोबती म्हणाला, “भैया, आप माँजी के पास रुको,” आणि मूर्ती पाटासकट डोक्यावर घेऊन जिना चढला. परत येऊन त्याने खुर्चीची एक बाजू धरली, मी दुसरी. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली, ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. वरच्या शेजाऱ्यांनी दार उघडं ठेवलं होतं म्हणून निभावलं. फ्रिज, गाद्या, भाच्याची पुस्तकं, सगळं खालीच राहिलं. मोरभवनच्या बसस्थानकातही पाणी शिरलं होतं आणि शहरात माणसंही दगावली. आम्ही त्या मानाने सुखरूप.

उजाडल्यावर पाणी ओसरलं. गाडी आडवी पडली होती, चिखलाने माखलेली. इथे जमलेल्या मोटरसायकलवाल्यांनी हे नीट ऐकावं. शेजारचा एक मुलगा किक मारायला धावला. सोबत्याने त्याचा पायच धरला! पाण्यात बुडालेली गाडी तशीच चालू करायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग काम हजारांत जातं. आधी बॅटरी सोडवायची, प्लग काढायचा, मग हळूहळू किक देऊन पाणी बाहेर काढायचं. एअर फिल्टर, कार्बोरेटर, टाकी रिकामी करून साफ करायची. आणि इंजिन ऑइल. आमचं निघालं ते दुधाच्या चहासारखं. नवं भरून, थोडं चालवून, पुन्हा बदललं. सायलेन्सर उभा धरला तर बादलीभर चिखल.

हे सगळं रविवारी संध्याकाळी. त्याआधी दीड दिवस आम्ही फावडी घेऊन घरातला गाळ उपसत होतो. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या टेबलावर गणपती, आणि त्याला दोन्ही वेळा आरती, दोन्ही घरांची मिळून. सोबत्याला आरती पाठ नव्हती, टाळ मात्र त्यानेच वाजवला. नैवेद्याला बिस्किटं.

सोमवारी सकाळी निघालो. भंडाऱ्याहून उजवीकडे पवनीचा फाटा लागतो. मी खांद्यावर थाप दिली, त्याने मान हलवली. नव्या ऑइलवर गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं, त्यामुळे भनपुरीला पोचेपर्यंत रात्र झाली. मंगळवारी पहिल्या शिफ्टला दोघेही हजर.

ताईच्या घराच्या भिंतीला ओल बरेच महिने होती. सोबत्याच्या हेडलाइटच्या काचेत चिखलाची रेघ अजून आहे. त्याला म्हटलं काच बदल, तर म्हणतो, रहने दो.

उरलेले सहा करायचे आहेत. पावसाळ्यात नाही, मकरसंक्रांतीनंतर, आणि या खेपेला पवनी पहिली. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं. टूलकिटमध्ये प्लगपाना असणं सक्तीचं.

गणपती बाप्पा मोरया!