पेटी-कासवाचें घर
(नभोवाणीवरील भाषण)



कासव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर देवळाच्या सभामंडपांतील दगडी कासव उभें राहतें. त्याला ऊन नको, पाणी नको, जागचें हलणें नाहीं! जिवंत कासव घरीं आणणारे पुष्कळ लोक मनांत हेंच दगडी कासव धरून असतात, आणि त्या समजुतीचा भुर्दंड त्या मुक्या जिवाला भोगावा लागतो. म्हणून आज पेटी-कासवाच्या घराविषयीं चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

हें कासव आपल्याकडचें नव्हे. अमेरिकेच्या पूर्व भागांतील दमट रानांत तें राहतें. न्यू जर्सीसारख्या त्याच्या मुलखांत आज कित्येक मराठी कुटुंबें नांदत आहेत. त्यांच्या मुलांना एखाद्या पावसाळी सकाळीं तें परसांत भेटतें, आणि 'आई, आपण हें पाळूं या' असा हट्ट सुरू होतो. लांबी पांच-सहा इंच. पोटाकडील कवचाला आडवी बिजागरी असते. भय वाटलें कीं डोकें व पाय आंत ओढून तें डबीसारखें घट्ट मिटतें. त्याचें आयुष्य तीस-चाळीस वर्षांचें सहज असतें. पन्नाशी ओलांडणारींही आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायीं आणलेलें कासव त्या मुलाच्या मुलांच्या लग्नालाही हजर असूं शकतें!

परसांत भेटलेलें कासव मात्र घरांत आणूं नये. ल्युसिल स्टिकेल ह्या विदुषींनीं मेरीलँडमधील पटक्सेंटच्या रानांत केलेला अभ्यास १९५० सालीं प्रसिद्ध झाला. एकेका कासवाचा वावर सुमारें शंभर मीटर व्यासाच्या टापूंतच असतो, असें त्यांत दिसून आलें. अशा कासवाला उचलून दुसरीकडे सोडलें, तर तें आपलें रान शोधीत भटकतें आणि मोटारींखालीं सांपडतें. पुष्कळ राज्यांत त्याला रानांतून धरण्यास कायद्यानेंच बंदी आहे. पाळावयाचेंच तर बंदिवासांत जन्मलेलें, किंवा कोणी टाकून दिल्यामुळें आश्रयगृहांत आलेलें घ्यावें. येथील श्रोत्यांनीं हौसेनें आपलें तारांकित कासव घरीं आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तो गुन्हा आहे.

आतां घर. बहुतेक लोक माशांची कांचेची टाकी आणतात, आणि चूक तेथेंच होते. कांच हा अडथळा आहे हें कासवाला उमगत नाहीं. पलीकडचें दिसत असल्यामुळें तें दिवसभर तिच्यावर धडका देत राहतें. आंत हवाही खेळत नाहीं. त्यापेक्षां आंतून पाणी न मुरेल अशी केलेली लांकडी पेटी घ्यावी. चार फूट लांबी व दोन फूट रुंदी ही कमींत कमी. अधिक जागा देतां आली तर अवश्य द्यावी. भिंती दीड फूट तरी उंच असाव्यात, कारण हा प्राणी दिसतो त्यापेक्षां चांगला चढतो.

पेटीची तळजमीन हें ह्या घराचें मर्म आहे. खत किंवा औषध न घातलेली माती व काथ्याचा भुसा ह्यांचा चार ते सहा इंच जाडीचा थर द्यावा व वर पालापाचोळा पसरावा. ह्या भुशाच्या दाबून केलेल्या विटा तेथें दुकानांत मिळतात. कोंकणांतील माणसाला ही वस्तु पैसे मोजून घेतांना हंसूं येईल. पण ओल धरून ठेवण्यास ती फार उपयोगी आहे. सीडर किंवा पाइन लांकडाचा सुवासिक भुसा मात्र घालूं नये. त्यांतील तेलें बाधतात. माती मुठींत दाबली असतां गोळा व्हावा, पाणी गळूं नये. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठ ते ऐंशी राखावी. हिवाळ्यांत तेथील घरें तापवितात, त्यामुळें हवा अगदीं कोरडी होते. अशा कोरड्या हवेंत, आणि त्यांत केवळ लेट्यूसच्या पानांवर ठेवलेलें असेल तर, कासवाच्या पापण्या सुजतात. डोळे मिटले कीं खाणें सुटतें. तें ओरडत नाहीं, कण्हत नाहीं. 'झोंपलें असेल' असें म्हणून घरचे लोक आपापल्या कामाला जातात.

प्रकाशाचीही अशीच गोष्ट आहे. नीललोहितातीत किरणांवांचून त्याच्या अंगांत 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाहीं, अन्नांतील चुना अंगीं लागत नाहीं आणि कवच मऊ पडतें. हे उपयोगी किरण खिडकीची कांच अडविते. म्हणून खिडकींतलें ऊन पुरत नाहीं, खास दिवा लावावा लागतो. तो उजेड देत राहिला तरी सहा ते बारा महिन्यांत त्याचे किरण क्षीण होतात. त्या मुदतींत तो बदलावा. पेटीच्या एका टोंकाला दिव्याखालीं ८५ ते ९० अंश फॅरनहाइट उष्णता असावी, दुसरें टोंक ७० ते ७५ अंशांवर थंड ठेवावें. त्याचें रक्त स्वतः तापत नाहीं. ऊब कीं गारवा हें त्याचें त्याला निवडतां आलें पाहिजे. रात्रीं अंधार हवा.

पाण्याचें भांडें पसरट व उथळ असावें, पाणी हनुवटीपर्यंतच. तें त्यांत बसतें, पितें आणि घाणही करतें. म्हणून पाणी रोज बदलावें. आहारांत गांडुळें, गोगलगाई, अळंबी, बेरीसारखीं फळें, पालेभाज्या असें पालटून द्यावें. हाताळल्यावर हात साबणानें धुण्याविषयीं मुलांना बजावावें. कासवांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंमुळें मुलें आजारी पडूं लागलीं, तेव्हां १९७५ सालीं अमेरिकन सरकारनें चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

इतकें सारें केल्यावरही पहिले कांहीं दिवस कासव पाल्याखालीं दडून बसेल, आणि मुलें निराश होतील. त्याला उकरून काढूं नये. सकाळीं दिवा लावल्यावर पाचोळ्यावर झारीनें थोडें पाणी शिंपडावें. पाऊस आला असें समजून तें पुष्कळदां आपण होऊनच डोकें बाहेर काढतें.