न विचारलेला प्रश्न



मी शाळामास्तर. ‘समजले नाही तर विचारा’ असे मुलांना रोज बजावतो. पण चार वर्षांपूर्वी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर मलाच एक प्रश्न डॉक्टरांना विचारवेना. अल्लाच्या कृपेने प्राण वाचले होते. पतिपत्नींच्या सहवासाची शक्ती मात्र गेली होती. लाजेपोटी मी माझे अंथरूण बाहेरच्या खोलीत हलविले. आपल्यावर राग आहे, अशी पत्नीची समजूत झाली. सहा महिने ती मुकाट्याने झुरली.

अखेर मुंबईला तपासणीच्या वेळी तिनेच डॉक्टरांना विचारले. तेव्हा कळले, की हा मनाचा दुबळेपणा नव्हे. गुदाशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्या अगदी लगत या क्रियेचे मज्जातंतू असतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा पोचू शकते. सुधारणेस कधी दोन वर्षेही लागतात, कधी ती पुरी होत नाही. किरणोपचाराचा परिणाम सावकाश, पुष्कळदा नंतरच्या काळात जाणवतो. प्रोस्टेटवरील संप्रेरक-उपचाराने तर इच्छाच मंदावते.

उपायही आहेत : गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शन, आणि काहींसाठी शस्त्रक्रियेने बसवावयाचे साधन. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, त्यात जिवाला धोका आहे. भिंतींवरच्या जाहिराती वाचून भलत्या वैद्यांच्या नादीही लागू नये. ज्यांना अपत्य हवे, त्यांनी उपचारापूर्वीच वीर्य जतन करण्याविषयी विचारावे. आणि सहवासाने कर्करोग जोडीदाराला लागत नाही, हेही ध्यानी असू द्यावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हे विषय मराठीत उघडपणे मांडले. त्यापायी खटले सोसले, पण १९५३ साली निधन होईपर्यंत मासिक सोडले नाही. शब्द त्यांनी केव्हाच दिले आहेत. उच्चारण्याचे धैर्य तेवढे आपले हवे.

त्या रात्री अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला परतताना आम्ही दोघे उशिरापर्यंत बोलत बसलो. सगळे पूर्ववत झाले, असे मी म्हणणार नाही. पण घरी पोचताच अंथरूण आतल्या खोलीत आले.

म्हणून विनंती एवढीच : उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांच्या खोलीत पतिपत्नींनी बरोबर जावे, आणि हा प्रश्न तेथेच विचारावा. भगिनींसमोर हा विषय काढल्याबद्दल मी क्षमा मागत नाही. माझ्या घरी तो एका भगिनीनेच सोडविला.