हिशोबाची दुसरी प्रत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाचा संगणक बंद पडला. लाइट सारखी ये-जा करत होती. एक दिवस डब्यातून टकटक आवाज आला आणि हार्ड डिस्क गेली. एका ताईंनी कर्जाचे दोन हप्ते भरले होते, ते वहीत उतरवायचे राहिले होते. पैसे भरूनही त्यांना बैठकीत सांगावं लागलं, "मी भरलेत गं!" बायकांनी विश्वास ठेवला, पण मला मान वर करता येईना.

नवी डिस्क घेताना मग नीट चौकशी केली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे. चालू असताना धक्का बसला किंवा लाइट गेली, तर तिला इजा होऊ शकते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, संगणकही झटकन सुरू होतो. हिशोब, पत्रं, थोडे फोटो यांना 256 जीबी पुरते. कोणती बसेल ते दुकानात संगणक दाखवूनच ठरवा. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या.

पण एसएसडीही कधीतरी जातेच, तीही न सांगता. म्हणून प्रत काढायला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या, ती स्वस्त पडते. बैठक झाली की प्रत काढायची आणि डिस्क दुसऱ्या ताईंच्या घरी ठेवायची. ज्वारीचं सगळं बियाणं आपण एकाच कणगीत ठेवतो का?

आणि पावती? ती मात्र पैसे घेतल्या हातानं लगेच द्यायची. लाइट असो वा नसो.