पोस्टरच्या खालची पट्टी



आत्ता माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली. ते खरंच आहे, पोट त्यावरच चालतं. पण गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी मी सिनेमाची जुनी पोस्टरं जमवते आणि दुरुस्त करते. आपल्या ग्रुपवर एकदा फोटो टाकला, तर आपल्यातल्याच एकीनं लिहिलं, "कायले जमा करतं वं हे रद्दी?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वह्यांना पोस्टरचं कव्हर असायचं. चित्र आत, कोरी बाजू बाहेर. हा कागद आपल्याकडे मुबलक होता, त्याला कारण आहे. सिनेमाच्या धंद्यानं देशाचे भाग पाडले, त्यांना सर्किट म्हणतात. आपलं सर्किट सी.पी.-बेरार. १९५६ साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, पण धंद्यात जुनंच नाव टिकलं. अमरावतीत वितरकांची ऑफिसं होती. रिळांच्या पेट्यांसोबत पोस्टरांचे गठ्ठे यायचे आणि गावोगावच्या टॉकीजना जायचे. उरलेली पोस्टरं किलोवर विकली जायची.

हा कागद महत्त्वाचा का? 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली ती छायाचित्रं आणि जाहिरातीचा कागद. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर जपल्या गेलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत गणलं जातं. रिळं गेली तरी कागद बोलतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे फिल्मसोबत पोस्टरंही जपतात.

मग मी वेगळं काय करते? एक उदाहरण सांगते.

माझ्याकडे 'देवकीनंदन गोपाला'चं पोस्टर आहे. १९७७ सालचा, राजदत्त यांचा सिनेमा; गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. पोस्टर अकोल्याच्या रद्दीतून आलं, घड्यांवर फाटलेलं. त्याच्या खालच्या कडेला एका टॉकीजची छापील पट्टी चिकटवलेली आहे. स्थानिक छापखान्यात खिळे जुळवून छापलेली; एक अक्षर कमी पडलं म्हणून दुसऱ्याच वळणाचं बसवलेलं. 'दररोज ३ खेळ' आणि त्याखाली निळ्या पेन्सिलीनं हातानं लिहिलंय, 'बाजाराच्या दिवशी सकाळी ९ ला जादा खेळ'.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्यानं ते पाहून सांगितलं, "पट्टी काढून टाका. खालचं चित्र ताजं असेल, दुप्पट किंमत येईल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पट्टीखाली रंगाला ऊन लागलेलं नसतं. पण मी पट्टी ठेवली.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. म्हणजे सिनेमा आला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षं झाली होती. बाबांना हातात खराटा घेऊन झाडताना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं सकाळी नऊचा खेळ पाहून मग बाजार करत असतील, म्हणून तो जादा खेळ. ते पोस्टर छापलं गेलं तेव्हा त्याच्या कितीतरी सारख्या प्रती निघाल्या. ही पट्टी, ही पेन्सिल मात्र दुसरीकडे कुठेच नाही. तेवढाच भाग वऱ्हाडाचा आहे.

आता दुरुस्तीचं. पोस्टरचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा. त्यातल्या आम्लानं तो पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि अकोल्याचा ४५ अंशांचा उन्हाळा त्यात भर घालतो. आधी मऊ ब्रशनं धूळ काढायची. मग ओल्या कापसानं कोपऱ्यात शाई तपासायची. ती सुटत नसेल तरच कॅल्शियमचा क्षार मिसळलेल्या पाण्यात कागद भिजवायचा, म्हणजे आम्ल कमी होतं. मागून पातळ जपानी कागद गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावायचा. खळच का? कारण ती पाण्यानं पुन्हा सुटते. आमच्या कामात केलेला बदल मागे घेता येईल अशी सोय ठेवतात, तोच नियम इथेही. रंग भरायचा तो फक्त नव्या जोडलेल्या तुकड्यावर, मूळ चित्रावर नाही. कॉम्प्युटरवरच्या प्रतीत हवं ते पुसा. मूळ प्रत एकच असते.

आता तुमच्याकडे मागणं. कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी, दुकानाच्या माळ्यावर, टॉकीजमध्ये नोकरी केलेल्या काकांकडे असा कागद असेल. त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका. कसर लागली असेल तर बाकीच्या कागदांपासून वेगळा ठेवा. विकायचा असेल तर खुशाल विका, पण त्यावरची पट्टी, शिक्का, हातानं लिहिलेली वेळ कापू देऊ नका. आधी फोटो काढून मला पाठवा. मी अमरावती-अकोल्याच्या टॉकीजच्या अशा पट्ट्यांची यादी करते आहे. आज ती एकेचाळीसवर आहे.

सर, बाई, तुमच्यापैकी कुणी त्या जादा खेळाला गेला असाल, तर जेवणाच्या वेळी मला नक्की सांगा. वही सोबत आणली आहे. कव्हर मात्र साधं आहे.